आतार मॅडम आणि बारा आराखडे

आतार मॅडमना मी पहिल्यांदा भेटले त्या दिवशीच त्या माझ्यावर रागावल्या, आणि पुढच्या सहा वर्षांत तो राग पुरता उतरला असं मला कधी वाटलं नाही. मी तेव्हा नुकतीच चाकणजवळच्या निघोज्याच्या बालवाडीत शिक्षिका म्हणून लागले होते. लग्न होऊन लातूरकडून इकडं आलेली, नवरा सुजित कंपनीत, आणि माझी अशी समजूत की तीन-चार वर्षांची पोरं सांभाळायला काय लागतं, दोन गाणी आणि एक मोठा आवाज. माझ्याकडं दोन्ही होतं. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "दिपाली, सोमवारी सकाळी दहा ते साडेदहा मुलांबरोबर काय करणार?" मी म्हणाले, "सोमवारचं सोमवारी बघू." हॉलमध्ये दोघी-तिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "घरी पाहुणे येणार असले की भाजी आदल्या दिवशी आणून ठेवतेस ना? मुलं रोज येतात म्हणून त्यांना विचारायचंच नाही का?" मला तो अपमान वाटला. घरी येऊन सुजितला सांगितलं, तर तो म्हणाला, बाई बरोबर बोलली. मग मी त्याच्यावरही रागावले.

फरीदा आतार हे त्यांचं पूर्ण नाव. आमच्या संस्थेच्या बारा बालवाड्या आहेत, चाकणमध्ये आणि आसपासच्या गावांत, जिथं जिथं कामगारांनी भाड्याच्या खोल्या घेतल्या आहेत तिथं तिथं. या बारा बालवाड्यांच्या शिक्षिकांना वर्षाचं, महिन्याचं आणि आठवड्याचं नियोजन करायला शिकवणं हे मॅडमचं काम. वय अठ्ठावन्न. अंगानं बारीक, चालणं भरभर, खांद्याला एक जड पिशवी. पिंपरीत संत तुकाराम नगरात राहायच्या. तिथून बस बदलून चाकणला यायच्या आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कांदा मार्केटच्या मागच्या आमच्या हॉलमध्ये दहाच्या ठोक्याला हजर असायच्या. आम्ही चाकणच्या चाकणात राहून साडेदहाला पोचायचो आणि ट्रॅफिकला शिव्या घालायचो.

त्यांचं माहेर राजगुरुनगरचं. वडील आठवडी बाजारात अत्तर, सुरमा आणि काजळ विकायचे. लग्न होऊन त्या पिंपरीत आल्या, नवरा अकबरभाई गॅरेजमध्ये मेकॅनिक. बालवाडीशी त्यांचा संबंध आला तो मुलीमुळं. मुलगी वस्तीतल्या बालवाडीत आईला सोडून बसेना, म्हणून आईही महिनाभर दारात बसून राहिली. शेवटी तिथल्या बाई वैतागून म्हणाल्या, बसलीच आहेस तर निदान हातपाय हलव, आणि त्यांच्या हातात झाडू दिला. तशा त्या मदतनीस झाल्या. मग बाहेरून बारावी, मग बालवाडीचा कोर्स, मग बरीच वर्षं शिक्षिका आणि गेली बारा वर्षं प्रशिक्षक. ही गोष्ट त्या स्वतः सांगायच्या, पण ती सांगताना कौतुकानं ऐकणारीला लगेच कामाला लावायच्या.

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. आल्या आल्या वही उघडू द्यायच्या नाहीत. "पेन खाली. मूल घरातून निघतं ते आपल्या दारात येईपर्यंत काय काय बघतं ते आधी सांगा." मग आम्ही सांगायचो. ट्रकची रांग, पंक्चरचं दुकान, कंपनीची बस, भज्यांची गाडी, डबक्यात बसलेली म्हैस. ते सगळं फळ्यावर लिहून म्हणायच्या, आता यातून पुढच्या महिन्याचा विषय काढा. आमच्यातली सगळ्यात लहान करिष्मा. तिनं एकदा विचारलं, "मॅडम, विषय फुलं घेतला तर चालेल का?"

"चालेल. तुझ्याकडं फुलं कुठं आहेत?"

"चार्टवर."

मॅडमनी डोळे मिटून घेतले आणि चहा सांगितला.

कौतुकाच्या बाबतीत भारी कंजूष बाई. "ठीक आहे" ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. ती मला सहा वर्षांत तीनदा मिळाली, आणि तिन्ही तारखा मला पाठ आहेत. आम्ही नियोजन लिहून दिलं की त्या तांबडं पेन काढायच्या. "मुलं ठसेकाम करतील" असं लिहिलं की समासात प्रश्न यायचा, का? "मुलं गोलात बसतील." का? "प्रार्थना होईल." का? वर स्वतःच्या सूचना. त्या सूचना चांगल्याच असायच्या, म्हणून तर पंचाईत. दुरुस्त होता होता आमचं नियोजन असं दिसायला लागायचं की ते मॅडमनीच लिहिलंय. दोनेक वर्षांत आम्ही शहाण्या झालो. पोरांना काय हवंय ते शोधण्यापेक्षा मॅडमना काय आवडेल ते लिहिणं सोपं पडतं हे आम्हाला कळलं, आणि तांबडी शाई कमी होत गेली. त्यांना वाटलं आम्ही शिकलो. आम्हालाही तसंच वाटलं.

गेल्या जानेवारीत संस्थेचे सचिव ज्योतीराम सर यांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि टेबलावर एक मोठं खोकं ठेवलं. कुणीतरी विकायला आलं होतं. त्यात बारा महिन्यांचे विषय, रंगीत कार्डं, पुस्तिका आणि टॅबलेटमध्ये चालणारं एक ॲप. सोमवारी काय, मंगळवारी काय, कुठल्या मिनिटाला कुठलं गाणं, सगळं आधीच ठरलेलं. शिक्षिकेनं तेवढं करायचं आणि टिक मारायची. जानेवारीचा विषय होता बर्फ. त्यात पेंग्विन होते. आमच्या पोरांनी बर्फ बघितलाय तो उसाच्या रसाच्या गाडीवर, तोही गोणपाटात गुंडाळलेला.

ज्योतीराम सर माणूस वाईट नाही. तीस वर्षं कंपनीत प्रॉडक्शनमध्ये काढलेली, त्यामुळं बारा ठिकाणी एकसारखं काम झालं की त्यांना समाधान वाटतं. त्यांनी सरळ सांगितलं, "मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक आहे. तोपर्यंत प्रत्येक बालवाडीनं जूनपासूनच्या वर्षाचा आपला आराखडा करून दाखवला, आणि तो पटला, तर हे खोकं परत जाईल. नाहीतर जूनपासून सगळीकडं खोकं."

यातून आम्ही आमचा अर्थ काढला. खोकं आलं की नियोजन शिकवायचं कुणाला? म्हणजे मॅडमचं काम संपलं. मॅडम घरी. आणि घरी बसणारी ती बाई नव्हती. अकबरभाईंनी पाठीच्या दुखण्यामुळं गॅरेज बंद केलेलं, मुलगी तिच्या संसारात, घरात त्यांच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं. उलट या कामावाचून त्यांचंच अडलं असतं, हे आम्हाला स्वच्छ दिसत होतं. त्या स्वतः यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मग आम्ही बाराजणींनी आपसात ठरवलं की मॅडमना वाचवायचं.

वाचवायचा उपाय मी शोधून काढला, आणि हे लिहितानाही मला लाज वाटते. ऑफिसच्या कपाटात मॅडमची एक जुनी लांब वही होती. त्या पिंपरीत शिक्षिका होत्या तेव्हाची, अख्ख्या वर्षाच्या नियोजनाची. संस्थेनं ती नमुना म्हणून जपून ठेवली होती, आणि ज्योतीराम सर येईल त्या पाहुण्याला ती दाखवायचे. मी म्हटलं, सरांना जे आधीपासून आवडतं ते सोडून दुसरं कशाला करत बसायचं? मोबाईलवर पानांचे फोटो काढले, मॅडम नसलेल्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "पोरींनो, आपापल्या अक्षरात उतरवा. वाचल्या मॅडम."

महिनाभर बारा घरांत स्केचपेनं चालली. समासाला नक्षी, मथळ्याला रंग. करिष्मानं तर मुखपृष्ठावर टिकल्या चिकटवल्या. मी बालवाडीचं नाव बदललं, मुलांचा आकडा बदलला आणि निवांत झाले. सुजित म्हणाला, तुझं अक्षर इतकं चांगलं आहे हे मला माहीतच नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी बाराही वह्या मॅडमच्या टेबलावर रचल्या. बैठकीला महिना होता. मॅडम वाचायला लागल्या. पहिली वही वाचली. दुसरी वाचली. तिसरी जरा भरभर चाळली. चौथी माझी होती. तिच्यात मध्येच थांबल्या, चष्मा काढून पदरानं पुसला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "दिपाली, निघोज्याला गाडी किती वाजता येते?"

"कुठली गाडी, मॅडम?"

"रेल्वे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तू मुलांना पायी चालत रेल्वे स्टेशन दाखवायला नेणार आहेस. जाऊन येऊन एक तास, असं लिहिलंयस. म्हणून विचारते."

पिंपरीच्या त्या वस्तीला स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं. निघोज्याहून पायी निघालं तर पोरं स्टेशनला पोचेपर्यंत पहिलीत जायची. आणि माझीच नाही, बाराही बालवाड्यांची पोरं त्याच आठवड्यात त्याच स्टेशनला चालत निघाली होती. बाहेर मार्केटमध्ये टेम्पोवाले भांडत होते.

मला वाटलं आता वादळ येणार. आलं नाही. मॅडमनी उरलेल्या आठही वह्या वाचल्या, पान न पान. दीड तास लागला. सगळं वाचून झाल्यावर म्हणाल्या, "वही कुणी दिली?" मी उभी राहिले. त्यांनी मला हातानं बसायची खूण केली.

"चूक तुझी एकटीची नाही. तुम्ही माझंच मला परत दिलंय. बारा वर्षं मी तुमच्या वह्या तपासल्या त्या बहुतेक यासाठीच." त्या हे वह्यांकडं बघत, अगदी हळू बोलल्या. त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर मी सुखानं ऐकून घेतलं असतं. मला खूप वाईट वाटलं. त्यांचं काम राखायला निघालेल्या आम्ही त्यांच्याच तोंडाला काळं फासलं होतं.

मग त्यांनी वह्या एकेकीला परत केल्या. "फाडू नका. अक्षर चांगलं आहे. आता ऐका. महिना आहे. मी लिहून देणार नाही, तपासणार नाही, काय घ्या ते सांगणारही नाही. प्रत्येकीकडं येऊन बसेन फक्त."

करिष्मा रडवेली झाली. "मग बरोबर आहे का ते आम्हाला कसं कळणार?"

"मला तरी कुठं कळत होतं," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

सोमवारी त्या माझ्याकडं आल्या. निघोज्याची बालवाडी म्हणजे पत्र्याची एक मोठी खोली आणि पुढं अंगण. मॅडम दाराजवळ लहानशा खुर्चीवर बसल्या. मुलांचा मोकळ्या खेळाचा वेळ होता. कोपऱ्यात पाच-सहा जणांनी घर मांडलं होतं. आमिर सतरंजीवर आडवा पडला होता, तोंडावर रुमाल. स्वरूपा भाकरी थापत होती आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून सांगत होती, "हळू. पप्पांची नाईट होती." भाकऱ्या झाल्या, भांडण झालं, एक जण कंपनीची बस घेऊन आला, त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला. सगळं कुजबुजत. हॉर्नही कुजबुजत.

हा खेळ मी सहा महिने बघत होते. अहवालात त्यापुढं मी लिहायचे, शिस्त चांगली.

मॅडम अर्धा तास बघत राहिल्या. "ही मुलं नेहमीच इतकी हळू बोलतात?"

"आमची मुलं शांत आहेत, मॅडम," मी जरा अभिमानानंच म्हणाले.

आमच्या मदतनीस गोजाबाई खोली झाडत होत्या. निघोज्याच्याच, कंपन्या यायच्या आधीपासूनच्या. त्या झाडू न थांबवता म्हणाल्या, "शांत कुटली वो. ज्येच्या बापाची नाईट, त्ये पोर गप. पुढल्या आटवड्याला त्येला फस्ट शिप लागली की बगा, पत्रं उडवतंय."

"तुम्हाला कसं कळतं कुणाची नाईट आहे ते?" मॅडमनी विचारलं.

"दारात बुटं असत्यात आन् खिडकीला पेपर लावल्याला असतूया. उजेड नगं म्हनून. मी पोरं आणाया दारोदार जाते न्हवं, समदं दिसतं. नाईटवाल्याच्या घरात पोरानं दिवसभर त्वांड उगडायचं न्हाई. उगडलं की बसलाच धपाटा."

मॅडम माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता सांगणार, दिपाली, हे घे, हे असं मांड, इथं हे गाणं टाक. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते त्यांना किती जड गेलं हे मी बघितलं. मग त्या उठल्या, अंगणातल्या नळावर जाऊन पाणी प्यायल्या आणि बराच वेळ तिकडंच उभ्या राहिल्या.

त्या दुपारी मुलं गेल्यावर मी गोजाबाईंना समोर बसवलं आणि एकतीस मुलांची यादी काढली. कुणाचा बाप कुठल्या शिफ्टला, ती कधी बदलते, आई कामाला जाते का. गोजाबाईंना सगळं पाठ. मी जूनपासून रोज याच मुलांना शिकवत होते आणि मला निम्म्यांचंच माहीत होतं, तेही चुकीचं. मला माझाच राग आला, आणि राग आला की मी काम बरं करते.

माझा आराखडा असा झाला. आठवडा शुक्रवारी सुरू, कारण आमच्याकडच्या बहुतेक कंपन्या गुरुवारी बंद असतात आणि शिफ्ट त्यानंतर बदलते. ज्यांच्या घरी नाईट, त्यांचा पहिला अर्धा तास अंगणात. पत्र्याचे डबे बडवायचे, मोठ्यानं बडबडगीतं म्हणायची, पळायचं, ओरडायचं. मग आत येऊन मणी ओवणं आणि मातीकाम. सेकंड शिफ्टचा बाप सकाळी घरी असतो, त्यानं पोराला सोडायला यायचं आणि थोडा वेळ बसायचं. फर्स्ट शिफ्टचा दुपारी घरी, त्याच्याकडून मुलानं एक गोष्ट विचारून आणायची. गुरुवारी मुलं कमी येतात म्हणून मी आजवर कुरकुर करायचे. आता महिन्यातला एक गुरुवार बापांचा. कुणी नटबोल्ट आवळून दाखवायचे, कुणी भजी तळायची.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा वही त्यांच्या हातात दिली. वाचताना त्यांनी एक हात मांडीखाली दाबून धरला होता. शेवटी न राहवून म्हणाल्या, "पावसाळ्यात मुलं अंगणात कशी ओरडणार?" आणि लगेच, "नको, सांगू नकोस. तुझं तू बघ."

तिकडं करिष्मानं फुलं सोडली. तिच्या मुलांच्या आया हंगामात मार्केटमध्ये कांदा निवडायला जातात. तिनं त्यावरच तीन महिने मांडले. लहान कांदा, मध्यम कांदा, मोठा कांदा, ढीग, टोपली, वजनकाटा. गणिताचा चार्ट तिनं भिंतीवरून काढून टाकला असं ऐकलं तेव्हा मला ते खरं वाटेना.

मार्चमधली बैठक. ज्योतीराम सर, दोन विश्वस्त, आणि खोकं विकणारा माणूस, खोक्यासकट. आम्ही बाराजणी खुर्च्यांवर आणि मॅडम सगळ्यात मागं. पहिला नंबर माझा लागला. सरांनी माझं पहिलं पान बराच वेळ बघितलं. "आठवडा शुक्रवारी का सुरू होतो?"

"सर, गुरुवारी कंपन्या बंद."

सर हसले. आयुष्यभर त्यांचाही आठवडा शुक्रवारीच सुरू झाला होता. मग एकामागून एक बारा वह्या. कुठल्याच दोन सारख्या नव्हत्या, रेल्वे कुठंच नव्हती. एका विश्वस्तबाईंनी करिष्माला कांद्याबद्दल इतके प्रश्न विचारले की ती शेवटी मोकळेपणानं हसायला लागली. सगळं झाल्यावर सरांनी वहीवर हात ठेवून मला विचारलं, "दिपालीताई, खरं सांगा. यात आतार मॅडमचं किती आहे? त्यांनी लिहून दिलं का?"

श्वाससुद्धा न घेता मी म्हणाले, "एक ओळ नाही, सर. आमचं आम्ही केलं. आता त्या नसल्या तरी आम्ही करू शकतो."

केवढ्या तोऱ्यात बोलले मी. बोलून मागं वळून बघितलं, की बघा मॅडम, कसं ठणकावून सांगितलं. मॅडम मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मला वाटलं, भरून आलं असेल. खोकं परत गेलं. आम्ही वडापाव मागवले, फोटो काढले, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की मॅडम वाचल्या.

मार्च संपता संपता संस्थेचं पत्र आलं. शिक्षिका आता स्वतः नियोजन करू शकतात, त्यामुळं एक मेपासून प्रशिक्षकाचं पद बंद. पुढं दर महिन्याला शिक्षिकांनी आपसात बैठक घ्यावी. शेवटी श्रीमती आतार यांचे आभार. ते वाचून माझं डोकं फिरलं. तशीच ऑफिसात गेले आणि सरांना नको नको ते बोलले. खोकं नको म्हणजे मॅडम राहणार असं ठरलं होतं, हा विश्वासघात आहे, असं बरंच काही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "असं कुणी ठरवलं होतं?" त्यांनी विचारलं.

कुणीच ठरवलं नव्हतं. आम्हीच धरून चाललो होतो.

"उलट होतं, दिपालीताई. खोकं घेतलं असतं तर ते बारा ठिकाणी नीट चालतंय का ते बघायला एक माणूस ठेवावाच लागणार होता. दोन वर्षं. ते काम मी डिसेंबरमध्येच आतार मॅडमना देऊ केलं होतं. त्या म्हणाल्या, आधी माझ्या बायकांना एक संधी द्या, मार्चपर्यंत थांबा. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की बायकांना जमलं तर मग तुमचंही काम उरणार नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे."

मी तिथून बाहेर पडले ती पिंपरीच्या बसमध्येच बसले. खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही. सगळा रस्ता मी माझं ते एकच वाक्य ऐकत होते.

संत तुकाराम नगरात दार अकबरभाईंनी उघडलं. माझा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, चहा टाकायला आत गेले. मॅडम खाली बसून लसूण सोलत होत्या. मी समोर बसले आणि रडायलाच लागले.

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही मुद्दाम वाईट लिहिलं असतं. तू तर नक्कीच."

ते खरं होतं.

"तुम्ही ते खोक्याचं काम घ्यायला हवं होतं, मॅडम."

"घेणार होते. डिसेंबरात दोन दिवस माझं हो म्हणायचंच ठरलं होतं. हेही म्हणाले, घे. मला घरात बसायला आवडत नाही गं. सकाळी दहा वाजले की मला कळत नाही काय करायचं." त्यांनी लसणीची सालं गोळा करून बाजूला केली. "पण तुम्हाला ते टिक मारायला शिकवताना मी मला दिसेना. नाही जमलं."

मी म्हणाले, "सरांनी विचारलं तेव्हा मी असं बोलायला नको होतं."

"का? खरं होतं ते. मी म्हटलंच असतं तुला, हेच सांग." त्यांनी पुढची पाकळी घेतली, सोलली, वाटीत टाकली. मग वर न बघता म्हणाल्या, "फक्त इतक्या पटकन बोललीस गं. जरा थांबली असतीस, तर मला बरं वाटलं असतं."